एक शब्द, आठ फलक : कामाची नोंदवही

१० मार्च २०२५, सोमवार

काम हाती आलं. फिरतं विज्ञान प्रदर्शन, आठ फलक. इंग्रजी मजकूर तयार आहे, मराठी मी करायचं. सगळ्या प्रदर्शनाचा विषय एकच इंग्रजी शब्द : ‘डिके’ (decay), म्हणजे बिघडत, संपत जाणं. फलकांचा क्रम असा : खत, दूध, दात, क्षयरोग, लोखंड, अणू, उपग्रह, ध्वनी. मुदत मेअखेर. शाळा सुरू झाल्या की पहिला मुक्काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयाच्या सभागृहात.

सोबत संपादकांची एका ओळीची सूचना : सर्व फलकांवर ‘डिके’साठी एकच मराठी प्रतिशब्द वापरावा, म्हणजे सुसूत्रता राहील.

आधी हसू आलं, मग घाम फुटला. इंग्रजी मजकुराची सारी गंमत एकच शब्द आठ ठिकाणी भेटण्यात आहे. मराठीत ती दुसऱ्या फलकालाच संपते. शेण कुजतं, दूध नासतं, दात किडतो, लोखंड गंजतं. यातलं एकही क्रियापद शेजारच्या फलकावर नेऊन ठेवता येत नाही. गंजलेलं दूध आणि नासलेला खिळा!

तक्ता सुरू केला. तीन रकाने : क्रियापद, कशाला लागतं, कशाला लागत नाही. झोपेपर्यंत २३ ओळी झाल्या. आईला फोन केला तर तिनं पाच मिनिटांत आणखी चार दिली : विटणे, खवटणे, उबणे आणि कळकणे. शेवटचं मी विसरलेच होते. पितळेच्या भांड्यात ताक किंवा आंबट आमटी राहिली की कळकते. कल्हई त्यासाठीच. कल्हईवाला दारावर यायचा थांबला तसा हा शब्दही घरातून गेला.

१३ मार्च, होळी

तक्त्यासाठी जुन्या मजकुरांतून उदाहरणं हवी होती. ओळखीच्या एका मुलानं संगणकावर शोध लावून दिला. ‘सडणे’च्या खाली ‘हातसडीचा तांदूळ’ सोळा वेळा, आणि अर्थाच्या रकान्यात त्यानं इमानदारीत लिहिलेलं : ‘हाताने सडवलेला’. शहरात वाढलेला मुलगा, त्याचा दोष नाही. उखळात घालून मुसळानं कोंडा काढणं, तेही सडणंच. फक्त क्रियापद दुसरं. गंमत म्हणजे सडून पांढरा केलेला तांदूळ उलट जास्त दिवस राहतो. कोंड्यात तेल असतं आणि खवटतं ते तेल.

यादीत ‘सडाफटिंग’ही आला होता. तो काढला.

१७ मार्च

फलक १, खत. इथे वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ गेला आणि तो वाया गेला असं वाटत नाही.

इंग्रजी मजकुरात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘डिके’. मी पहिल्या खर्ड्यात निम्म्या ठिकाणी ‘कुजणे’ आणि निम्म्या ठिकाणी ‘सडणे’ घातलं होतं, केवळ पुनरुक्ती नको म्हणून. गावाकडच्या काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “अगं, सडलेलं खत कोण घालेल शेतात?”

बरोबर आहे. कृषी विभागाच्या कुठल्याही पत्रकात ‘चांगले कुजलेले शेणखत’ असंच असतं. ढिगाला हवा मिळाली की जिवाणू आणि बुरशी झपाट्यानं काम करतात, आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढतं, आणि शेवटी जे उरतं त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. तसाच येतो, कारण दोन्हीकडे वासाचं द्रव्य एकच, जिऑस्मिन. हवा कोंडली, पाणी साचलं, की दुसरेच जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्याचा वास सुटतो. शेतकऱ्याच्या तोंडी पहिलं ‘कुजलं’ आणि दुसरं ‘सडलं’. प्राणवायू होता की नव्हता, हे क्रियापदच सांगून जातं.

मी हे मोठ्या आनंदानं फलकावर लिहिलं आणि लगेच खोडलं. कारण मग मूळकूज, कंदकूज, खोडकूज? हळदीचा गड्डा पाण्यात राहून खराब होतो तीही ‘कूज’च, आणि कपाशीला मात्र ‘बोंडसड’. वर मी स्वतःच आत्ता ‘कुजक्या अंड्याचा वास’ लिहून बसले आहे. तेव्हा नियम नाही, कल आहे. खताच्या बाबतीत पक्का, बाकी ठिकाणी ढिला. सुपारीच्या फळगळीला तर आपण शेजाऱ्यांचा शब्द घेतलाय. कोळेरोग, कारण कन्नडमध्ये ‘कोळे’ म्हणजेच कुजणे. पावसाळ्याआधी बागायतदार एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारतात ते याच्याचसाठी.

फलकावर खत कुजवायची नाडेप टाकी घेतली. विटांची, भिंतींना मुद्दाम ठेवलेली भोकं, म्हणजे हवा खेळती राहते. कित्येकांना ‘नाडेप’ हा कुठला तरी परदेशी शब्द वाटतो. तो आहे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाची आद्याक्षरं. इंग्रजी मजकुरात हे नव्हतं. मी घातलं.

माझी स्वतःची गॅलरीतली बादली सध्या सडते आहे, कुजत नाही. खाली भोकं पाडायला हवीत.

२४ मार्च

आजच फलक ४ घेतला, कारण आज क्षयरोग दिन. १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई जोशी क्षयानं पुण्यात गेल्या. वय २१. जंतू माहीत झाला होता, औषध नव्हतं. ते यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं.

जुनं नाव राजयक्ष्मा. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिलेल्या, पण याचा जीव एकट्या रोहिणीत. सासऱ्यानं शाप दिला : झिजत जाशील. प्रभासला स्नान करून अर्धा उःशाप मिळाला, म्हणून पंधरवडाभर क्षय आणि पंधरवडाभर वृद्धी. म्हणजे चंद्राची कला आणि माणसाचं खंगणं एकाच शब्दात बसवलेलं आहे. इंग्रजी ‘डिके’ला हे ओझं नाही.

आणि अडचण तिथेच आहे. पाठ्यपुस्तकी भाषेत अणूचाही ‘क्षय’ होतो. नववीतल्या भाचीला विचारलं, “किरणोत्सारी क्षय म्हणजे काय गं?” ती म्हणाली, “रेडिएशननं होणारा टीबी?” एकाच सभागृहात दोन फलकांवर ‘क्षय’ लावला तर युरेनियमला खोकला येतो असं मुलं समजून जातील.

२ एप्रिल

दूध. दोन वाट्या, दोन्हींतलं दूध आंबट झालेलं, दोन्हींत केसीन हे दुधातलं प्रथिन साकळलेलं (पीएच ४.६ च्या आसपास ते साकळतंच). एकीला म्हणायचं ‘विरजलं’, दुसरीला ‘नासलं’. रसायनशास्त्राच्या नजरेला फरक थोडाच : पहिल्या वाटीत ओळखीचे जिवाणू आपण नेऊन सोडले, दुसरीत जे येतील ते आले. घरातल्या माणसाच्या नजरेला मात्र एक जेवण आणि एक नुकसान. आंबवणं मुद्दाम, आंबणं चुकून. आंबोळीचं पीठ आंबलं तर शाबास, भात आंबला तर फेका.

‘अंग आंबलं’ हेही तक्त्यात घातलं. लॅक्टिक आम्ल स्नायूंत साचून अंग दुखतं असं आम्हाला शाळेत सांगत. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं ते कारण आता मानत नाहीत. स्नायूंच्या तंतूंना झालेली बारीक इजा आणि त्यावरची सूज, असं म्हणतात. शब्द मात्र चुकूनही बरोबर वाटतो.

९ एप्रिल

दात. ‘कीड’ या शब्दात एक अख्खा खोटा सिद्धांत जिवंत आहे : दातात किडा असतो. आईच्या लहानपणी भुईरिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घ्यायला लावत आणि मग भांड्यातल्या पाण्यात पडलेले ‘किडे’ दाखवत. ती म्हणते, “दिसायचे गं खरंच.” दुखणं राहायचं का, यावर गप्प.

किड्याची कल्पना जगभर होती. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ साली ती नाकारली. १८९० मध्ये बर्लिनला काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं खरी गोष्ट मांडली : तोंडातले जिवाणू साखर खाऊन आम्ल करतात, आम्ल दात विरघळवतं. पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की दातावरचं कवच खनिजं सोडू लागतं.

मग फलकावर ‘किडणे’ ठेवायचं की नाही? ठेवलं. शब्द बदलून गैरसमज जात नाही. ‘दंतक्षय’ लिहिलं तर मूल वाचणारच नाही. वर एक ओळ : दाताला कीड लागते, पण किडा नसतो.

१९ एप्रिल

फलक ६, अणू. इथे हातानं करायचा खेळ हवा होता. इंग्रजीत नाणी सुचवली आहेत. दोनशे नाणी कुठून आणायची? चिंचोके घेतले. पोरीबाळी सारीपाट, पटखेळ यांना वापरतात तसे फोडून दोन फाकी केलेले, एक बाजू पांढरी सपाट, दुसरी तपकिरी फुगीर. दोनशे फाकी परातीत टाकायच्या, पांढरी बाजू वर आली त्या काढून ठेवायच्या, उरलेल्या परत टाकायच्या.

उरलेल्यांचा हिशेब : २००, ११७, ६६, ३९, २४, १३, ८, ४, ३, ३, १.

पहिल्या फेकीत शंभर जायला हवे होते, गेले ८३. दोनदा मोजले. चिंचोका नाण्यासारखा निष्पक्ष नाही, पाठीवर कमी आणि पोटावर जास्त पडतो. मग लक्षात आलं की यानं काहीच बिघडत नाही, उलट बरं झालं. २०० चे १०० व्हायला लागली साधारण सव्वा फेक. ११७ चे निम्मे व्हायलाही सव्वाच. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा वेळ, एक फेक नसून सव्वा फेक, इतकंच. प्रत्येक द्रव्याचं आपलं असतं तसं चिंचोक्याचं आपलं. कार्बन-१४ चं ५,७३० वर्षं, दवाखान्यात थायरॉइडसाठी देतात त्या आयोडीन-१३१ चं आठ दिवस, युरेनियम-२३८ चं साडेचारशे कोटी वर्षांच्या जवळ.

शेवटची एक फाक मात्र पुढे चार फेकी तशीच राहिली. भाची म्हणाली, “ही म्हातारी झाली, आता जाणारच.” तिला म्हटलं, नाही. अकराव्या फेकीला तिची जी शक्यता, तीच पहिल्या फेकीला होती. तिला काही आठवत नाही. हे समजायला भाचीपेक्षा मलाच जास्त वेळ लागला.

आणि इथेच आपली सगळी क्रियापदं उताणी पडतात. कुजणे, झिजणे, खंगणे, क्षय, सगळ्यांत हळूहळू आहे, वय आहे. ढीग हळूहळू कमी होतो, पण एक अणू हळूहळू काही करत नाही. तो आहे तसा असतो, आणि मग नसतो, दुसराच असतो. रदरफर्ड आणि सॉडी या शास्त्रज्ञांनी मॉन्ट्रियलला १९०२ मध्ये हे ओळखलं तेव्हा त्यांचा भर मूलद्रव्य बदलतं यावर होता. मला ‘पालटणे’ हा शब्द सुचला. युरेनियम-२३८ चौदा वेळा पालटतं आणि शिसं होऊन थांबतं. आपल्या अंगातल्या पोटॅशियमचेही दर सेकंदाला चारेक हजार अणू पालटत असतात. फलकावर ‘क्षय’ कंसातसुद्धा ठेवलेला नाही. परीक्षेला लागेल म्हणून तळाशी बारीक अक्षरात एकदा.

२१ एप्रिल

लोखंड. गंजणे. यात काही अडचण नाही. दिल्लीच्या लोहस्तंभाचं चित्र आहेच, फॉस्फरसमुळे त्यावर संरक्षक थर बसतो हे तीन ओळींत आटोपलं. ‘डोकं गंजलं’ हे संपादकांनी काढायला सांगितलं, काढलं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

संपादकांचा फोन. “अहो, आठ फलकांवर आठ शब्द? मी एकच मागितला होता. सरळ ‘ऱ्हास’ ठेवा ना.”

“दाताचा ऱ्हास? दुधाचा ऱ्हास?”

“मग ‘विघटन’?”

“घंटेच्या आवाजाचं विघटन?”

ते जरा चिडले. मीही. ऱ्हास हा शब्द भाषणातला आहे, मूल्यांचा होतो, पर्यावरणाचा होतो, दुपारी घरात उरलेल्या भाजीचा होत नाही. शिवाय तो मुळात संस्कृतातला ‘ह्रास’, मराठीच्या तोंडात ह आणि र यांची अदलाबदल होऊन आलेला. तोही पालटलेलाच म्हणायचा.

फोननंतर सणाच्या नावावर अडकले. आपण ‘अक्षय्य’ लिहितो, ‘अक्षय’ नाही, दोन य. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’ : ज्याचा क्षय होणं शक्य आहे ते क्षय्य. म्हणजे आजची तृतीया नुसती न संपलेली नव्हे, संपूच न शकणारी. आणखी एक सूत्र सापडलं, ‘क्षयो निवासे’. वेदांच्या भाषेत क्षय म्हणजे राहण्याची जागा, घर, हाही अर्थ होता. उच्चारात आघात, म्हणजे स्वराचा जोर, कुठे यावरून फरक कळायचा. आघात गेले, घर पडलं, क्षय उरला. फलकाला याचा उपयोग शून्य. अख्खी सुटीची दुपार गेली.

पंचांगातही क्षय आहेच : क्षयतिथी, जिच्या वाट्याला एकही सूर्योदय येत नाही. आणि क्षयमास, इतका दुर्मीळ की विसाव्या शतकात १९६३-६४ आणि १९८२-८३ असे दोनदाच आला. तिथे काहीच कुजत नाही, मोजणीतून गळतं फक्त.

६ मे

उपग्रह. स्कायलॅब, अमेरिकेचं अवकाश स्थानक! आईचा आवाजच बदलला. १९७९ चा जुलै, पाऊस कोसळतोय, आणि गावभर एकच चर्चा, ती कुणाच्या घरावर पडणार. “तुझ्या आजोबांनी सांगितलं, पडायची तर पडेल, पण कोंबडं त्यासाठी कापायचं नाही.” काही घरांत म्हणे शेवटचं म्हणून कापलं गेलं. ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकड्यांनी पडली.

का पडली? सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला, वरची हवा तापून फुगली, घर्षण वाढलं. त्यात उलटी गोष्ट अशी की घर्षणानं उपग्रहाचा वेग कमी होत नाही, वाढतो. तो खाली येतो आणि खालच्या कक्षेत जास्त वेगानंच फिरावं लागतं. म्हणून इथे ‘मंदावणे’, ‘झिजणे’ सगळं बाद. ‘कक्षा ढासळते’ लिहिलं, मग ढासळणं एकदम होतं म्हणून ‘कक्षा उतरत जाते’. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दर महिन्याला साधारण दोन किलोमीटर उतरतं, मग त्याला वर ढकलतात.

१५ मे

ध्वनी. विरणे. आधीच ठरलं होतं, दहा मिनिटांत झालं. आवाज साठ डेसिबलनं खाली यायला लागणारा वेळ म्हणजे त्या खोलीचा घुमण्याचा काळ. ऊर्जेचा दशलक्षांश भाग उरलेला असतो. कापडही विरतं, धुकंही. तंबोऱ्याची आस (तार छेडल्यावर रेंगाळणारा नाद) हा शब्द घालायचा मोह झाला, घातला.

उरलेल्या वेळात तक्त्याच्या चौथ्या रकान्यात माणसं भरली. माणूस कुजकं बोलतो, तुरुंगात सडतो, आजारानं खंगतो. मन विटतं, आणि त्यातूनच वीट येतो. या सगळ्या रांगेत एकटं ‘झिजणे’ मानाचं. चंदन झिजतं तसा माणूस दुसऱ्यासाठी झिजला, असं आपण आदरानं म्हणतो. संस्थेसाठी कुणी कुजला, असं नाही म्हणत (म्हणायला हरकत नसावी अशा काही संस्था पाहिल्या आहेत).

२६ मे

पाऊस. मे संपायच्या आत मोसमी पाऊस मुंबईपर्यंत पोचला. इथल्या बागायतदारांचे उरलेले आंबे झाडावरच भिजले. संध्याकाळी बाजारात एक बाई शेवटचा हापूस अर्ध्या भावात विकत होत्या. पुढच्या गिऱ्हाइकानं पेटी उघडून वास घेतला आणि विचारलं, “किती दिवस टिकेल?”

“आज-उद्या खायचा. नासका एक निघाला तर लगेच बाजूला काढा, नाहीतर आढी जाईल.”

घरी येऊन ओल्या छत्रीसकट तक्ता उघडला. जाण्याचे शब्द आता ४१. राहण्याचा? दूध टिकतं. दात टिकतो. रंग टिकतो, लोखंड टिकतं. आजारी माणसाबद्दल ‘टिकेल का’ असं दबक्या आवाजात विचारतात. उपग्रह कक्षेत टिकतो, सूर टिकतो, दोनशेतली एक फाक अकराव्या फेकीपर्यंत टिकते. आठही फलकांवर तेच क्रियापद, एकाही ठिकाणी ओढाताण नाही.

रात्री संपादकांना लिहिलं : प्रत्येक फलकावर त्याचं त्याचं क्रियापद राहू द्या. एकच शब्द हवा तर तो शीर्षकात घ्या, ‘किती टिकेल?’ आणि प्रत्येक फलकाच्या कोपऱ्यात त्या प्रश्नाचं उत्तर : दूध, उन्हाळ्यात बाहेर, काही तास. आयोडीन-१३१, आठ दिवसांनी निम्मं. दिल्लीचा स्तंभ, सोळाशे वर्षं, अजून उभा.

२८ मे

उत्तर आलं : ‘चालेल. चिंचोक्यांची सोय तुम्हीच करा.’

१२ जून

सभागृहात फलक लावायला गेलो. चिंचोके दोन परातींत, बादलीतलं खत एका काचेच्या बरणीत (भोकं पाडल्यापासून वास सुधारला). सात फलक लागले. आठव्यासाठी पूर्वेची भिंत ठरली होती. गवंडीदादांनी तिच्यावरून तळहात फिरवला, पांढरी पूड हाताला आली. त्यांनी नखानं जरा टोकरलं तर पोपडा सुटून खाली पडला.

“लोणा लागलाय, बाई. खालून ओल चढते, मीठ बाहेर येतं. यावर काय लावाल ते टिकायचं नाही.”

लोणा तक्त्यात नव्हता. ओळ ४२. फलक ८ उद्या जिन्याशेजारी, तिथली भिंत कोरडी आहे. लांब खिळे आणायचे, न गंजणारे.